लिंबावरच्या काजळीसाठी काय घ्यावे, काय घेऊ नये : नाशिकच्या कृषी दुकानांतल्या मालाचा आढावा

लिंबाची काळी पडलेली फांदी घेऊन नाशिकच्या कोणत्याही कृषी सेवा केंद्रात गेलात, तर काउंटरवर आधी बुरशीनाशकाची पुडी येण्याची शक्यता जास्त. इथला औषधबाजार द्राक्षावर उभा आहे. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतच्या बागांना डाउनी, भुरी आणि करपा या बुरशीच्या रोगांसाठी जे लागते त्यानेच फळ्या भरलेल्या असतात. 'पानावर काळी बुरशी आली' असे सांगितले की हात तिकडेच जातो. लिंबाच्या बाबतीत मात्र हा खर्च जवळजवळ पूर्ण वाया जातो. काजळी, म्हणजे विदर्भातले संत्रा बागायतदार जिला कोळशी म्हणतात ती, पानाच्या आत शिरतच नाही. मावा, पांढरी माशी, काळी माशी, सिट्रस सिला, पिठ्या ढेकूण किंवा मऊ खवले कीड रस शोषताना गोड चिकटा टाकतात आणि ही बुरशी त्या चिकट्यावर वाढते. चिकटा थांबला की तिला खायला काही उरत नाही.

आमचा निकाल आधीच सांगतो. पहिला पैसा बागायती मिनरल ऑइलवर किंवा पोटॅश साबणावर खर्च करा, दुसरा मुंग्या अडवणाऱ्या चिकट पट्ट्यावर. कडुनिंबाचा अर्क उपयोगाचा आहे, पण तो ओळखून घेता आला पाहिजे. पिवळे सापळे कीड मोजायला घ्या, मारायला नकोत. व्हर्टिसिलियम, म्हणजे किडीला मारणारी जैविक बुरशी, पावसाळ्यात घ्या, मार्च ते मे घेऊ नका. बुरशीनाशकावर एक रुपयाही घालू नका.

दुकानात जाण्याआधी दोन गोष्टी झाडापाशीच करायच्या. अंगठा ओला करून काळ्या पानावर घासा. काळे निघून खाली हिरवे पान दिसले तर ती काजळी. डाग न निघता पानात मुरलेला असेल तर तो वेगळा रोग आहे आणि या लेखातले काहीच त्याला लागू नाही. दुसरे म्हणजे काळ्या पानांवर कीड शोधत बसू नका, चिकटा वरून खाली पडतो. काळ्या पानाच्या वरच्या फांदीवरची कोवळी पाने उलटी करून दहापटीचे भिंग लावा. काळ्या माशीची अंडी पानाच्या मागे चक्राकार ओळीत मांडलेली दिसतात आणि तिची पिल्ले चकचकीत काळी असून कडेने पांढऱ्या मेणाची किनार असते. सिलाची पिल्ले चपटी, पिवळट-केशरी असतात, कोवळ्या शेंड्याला चिकटून बसतात आणि मागे पांढरे मेणाचे दोरे सोडतात. मऊ खवले देठावर आणि पानाच्या मधल्या शिरेवर चिकटलेले, तपकिरी किंवा हिरवट, नखाने सहज सुटणारे असतात. कडक कवचाचे खवले आणि नागअळी चिकटा टाकत नाहीत. त्या दिसल्या तरी काजळीचा दोष त्यांच्यावर टाकू नका.

वर कीड सापडलीच नाही तर आणखी वर बघा. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या जुन्या बंगल्यांत लिंबाचे झाड बहुधा आंब्याखाली लावलेले असते. मोहोराच्या दिवसांत आंब्यावरच्या तुडतुड्यांचा चिकटा खालच्या लिंबावर पडतो आणि लिंब निष्कारण काळे होते. अशा वेळी लिंबावर काहीही फवारून उपयोग नाही. उपाय आंब्यावर करावा लागतो. कुंपणाची कुंती आणि परसातला कढीपत्ता ही दोन्ही लिंबाच्याच कुळातली झाडे असल्यामुळे सिलाला ती चालतात. जास्वंद पिठ्या ढेकणाला आवडते. लिंब धुऊन शेजारची कुंती तशीच ठेवली तर पुढच्या पालवीला कीड परत येते.

आता एकेक माल पाहू.

बागायती मिनरल ऑइलला आमचा पहिला क्रमांक. हे शुद्ध केलेले, पाण्यात मिसळणारे खनिज तेल असते. गाडीचे इंजिन ऑइल किंवा रॉकेल हा त्याला पर्याय नाही, त्याने झाड जळते. तेलाचा पातळ थर किडीच्या श्वसनछिद्रांवर बसतो आणि कीड गुदमरून मरते. त्यात विष नसल्यामुळे किडीला प्रतिकारशक्ती येण्याची भीतीही जवळजवळ नाही. मऊ खवले, काळ्या माशीची पिल्ले आणि पांढरी माशी या तिन्हींवर ते चांगले चालते. शिवाय पानावर घट्ट बसलेली काजळीची साल तेलाने सैल होते, मग पुढच्या पावसाने किंवा पाण्याच्या फवाऱ्याने ती सुटते. एका पैशात दोन कामे करणारा या यादीतला हा एकच माल.

प्रमाण लेबलवर असेल तेच धरायचे. साधारणपणे लिटरला १० ते २० मिली असते. कोवळी पालवी असेल तर १० च्या वर जाऊ नका. सोळा लिटरच्या पाठीवरच्या पंपाला १० मिलीच्या हिशेबाने १६० मिली तेल लागते. पंपात आधी निम्मे पाणी घ्या, त्यात तेल ओता, ढवळा, मग उरलेले पाणी भरा. फवारताना पंप मधून मधून हलवत राहा, नाहीतर तेल वर जमते. पंपातल्या शेवटच्या लिटरभर पाण्यात मग जवळजवळ निव्वळ तेल येते आणि शेवटच्या झाडाची पाने भाजतात. 'तेलाने माझे झाड जळले' या तक्रारीमागे बऱ्याचदा हेच कारण असते.

दुसरे कारण तापमान. पारा ३२-३३ अंशांच्या वर असेल, झाडाला पाण्याचा ताण असेल किंवा झाड फुलावर असेल तर तेल मारू नका. नाशिकमध्ये याचा अर्थ मार्च अर्ध्यावर आला की तेलाची बाटली कपाटात ठेवायची आणि पाऊस स्थिरावल्यावर काढायची. ऑक्टोबरच्या उन्हातही फवारणी सकाळीच उरकावी. हिवाळ्यात मात्र दव वाळल्यावर, नऊ-दहाच्या सुमारास मारावे. बहार धरण्यासाठी पाणी तोडून झाड ताणावर सोडले असेल तर त्या काळात तेलाचे नाव काढू नका.

तिसरे कारण खास इथले आहे. ते म्हणजे गंधक. द्राक्षाच्या भुरीसाठी आणलेले पाण्यात मिसळणारे गंधक जिल्ह्यातल्या बहुतेक मळ्यांत पडून असते आणि काळे दिसले म्हणून लिंबावरही मारले जाते. गंधक आणि तेल यांच्यात किमान तीन ते चार आठवड्यांचे अंतर हवे, नाहीतर पाने आणि फळांची साल करपते. कॅप्टनचेही तेलाशी जमत नाही. द्राक्षाला वापरलेलाच पंप लिंबाला घेणार असाल तर साबणाच्या पाण्याने तीनदा धुवा, नोझल आणि गाळणी सुटी करून घासा. लिंबाला आणि द्राक्षाच्या औषधांना वेगळा पंप परवडत असेल तर त्याहून उत्तम. तणनाशकाचा पंप लिंबावर अजिबात नको, कितीही धुतला तरी नको.

पोटॅश साबण, म्हणजे मेदाम्लांचे पोटॅशियम क्षार, हा कुंडीतल्या लिंबासाठी आमचा पहिला पर्याय. मावा, सिलाची लहान पिल्ले, पिठ्या ढेकणाची नुकती फुटलेली पिल्ले आणि पांढरी माशी यांच्यावर त्याचा परिणाम लगेच दिसतो. मात्र साबण ओला असेपर्यंतच काम करतो. वाळला की संपला. म्हणून पान मागून पुढून निथळेपर्यंत भिजले पाहिजे आणि पाच ते सात दिवसांच्या अंतराने तीन फवारण्या हव्यात. एकच फवारणी करून 'काही फरक नाही' म्हणणाऱ्यांनी अंड्यांवर साबणाचा फारसा परिणाम होत नाही हे लक्षात घ्यावे. पहिल्या फवारणीतून वाचलेल्या अंड्यांतली पिल्ले दुसऱ्या आणि तिसऱ्या फवारणीत सापडतात. लेबलवर बहुधा लिटरला १० ते २० मिली असे प्रमाण असते.

पाण्याकडे लक्ष द्या. बोअरचे पाणी जड असेल तर त्यातला चुना साबणाशी जुळून दह्यासारखे पांढरे कण करतो. ते कण नोझलमध्ये अडकतात आणि पाण्यात साबण उरतच नाही. पेलाभर पाण्यात थोडा साबण घालून ढवळा. फेस न येता साका वर आला तर ते पाणी वापरू नका. महापालिकेच्या नळाचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्या. कपडे धुण्याची पावडर हा स्वस्त पर्याय म्हणून सर्रास सांगितला जातो, तो आम्हाला मान्य नाही. त्यातला सोडा आणि चमक आणणारे घटक कोवळ्या पानांच्या कडा जाळतात. भांड्यांचा पातळ साबण अगदीच नाइलाजाने, लिटरला दोन-तीन मिली, आणि तासाभराने साध्या पाण्याने धुऊन टाकण्याच्या अटीवर.

कडुनिंबाच्या मालात सर्वांत जास्त गोंधळ आहे, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. दुकानात 'नीम' नावाने किमान तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिली, घाण्यावरचे कच्चे कडुनिंब तेल. दुसरी, ३०० किंवा १५०० पीपीएम अझाडिरॅक्टिनचे औषध. तिसरी, १०,००० पीपीएमचे. अझाडिरॅक्टिन हा त्यातला मुख्य काम करणारा घटक आणि पीपीएम म्हणजे तो किती आहे याचे माप. १०,००० पीपीएम म्हणजे एक टक्का, ३०० म्हणजे ०.०३ टक्के. बाटल्यांच्या किमतीची तुलना या आकड्याशिवाय करता येत नाही. ३०० पीपीएमचे लिटरला ५ मिली किंवा अधिक लागते, १५०० चे साधारण ५ मिली, १०,००० चे २ ते ३ मिली. १०,००० ची १०० मिलीची बाटली २ मिलीच्या हिशेबाने ५० लिटर पाण्याला पुरते. कुंडीतल्या दोन-तीन झाडांना ती हंगामभर पुरेल. महाग दिसणारी बाटली इथे स्वस्त पडते.

कच्चे तेल घेतले असेल तर ते पाण्यात आपोआप मिसळत नाही. पाच मिली तेलाला एक ते दोन मिली पातळ साबण घालून आधी थोड्या कोमट पाण्यात घुसळा, दुधासारखे झाले की लिटरभर करा आणि दोन-तीन तासांत संपवा. तयार औषधाची परीक्षाही अशीच. पारदर्शक पेल्यात पाणी घेऊन त्यात पाच मिली टाका. सगळे पाणी सारखे दुधाळ झाले आणि दहा मिनिटे तसेच राहिले तर माल ठीक. वर तेलाचे थेंब तरंगले, तळाशी गाळ बसला किंवा रंगीत पाण्याखेरीज काही दिसलेच नाही, तर ती बाटली परत करा.

अझाडिरॅक्टिन सूर्यप्रकाशात लवकर फुटते आणि अल्कधर्मी पाण्यातही टिकत नाही. काउंटरच्या बाहेर उन्हात मांडलेली, पारदर्शक बाटलीतली, मागच्या वर्षीची तारीख असलेली वस्तू म्हणूनच घेऊ नका. पाण्याचा सामू (पीएच) ७ च्या वर असेल तर दर लिटरला लिंबाच्या रसाचे काही थेंब टाकून सामू ६ ते ६.५ वर आणा. सामू तपासायच्या पट्ट्या याच दुकानांत मिळतात, द्राक्षवाल्यांना त्या रोज लागतात. फवारणी सूर्य कलल्यावर करा. आणि औषध कशासाठी आहे ते समजून घ्या. ते किडीला तिथल्या तिथे पाडत नाही. पिल्लांची कात टाकण्याची प्रक्रिया बिघडवते, त्यांचे खाणे कमी करते. परिणाम दिसायला आठवडा ते दहा दिवस लागतात. दुसऱ्याच दिवशी मावा जिवंत दिसला म्हणून दुप्पट प्रमाण करणे ही झाडाला इजा करणारी चूक आहे. मोठ्या खवल्यांवर आणि मेणाने झाकलेल्या प्रौढ पिठ्या ढेकणावर नीम फारसे चालत नाही. तिथे आधी कापसाच्या बोळ्याने किंवा जुन्या दातघासणीने कीड काढून मग तेल.

व्हर्टिसिलियम लेकॅनी नाशिककरांना नवीन नाही. द्राक्षातल्या पिठ्या ढेकणासाठी ते वर्षानुवर्षे वापरले जाते आणि त्यामुळे इथल्या दुकानांत त्याची उलाढाल बरी असते. जैविक मालाच्या बाबतीत हा मोठा फायदा, कारण ही जिवंत बुरशी आहे आणि फळीवर पडून राहिलेली पुडी म्हणजे निव्वळ भुकटी. तयार होऊन सहा महिन्यांच्या आतला माल मागा. लेबलवर सीएफयू, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत बीजाणूंची संख्या, लिहिलेली असते. १.१५ टक्के भुकटीत ग्रॅमला किमान १ × १० चा आठवा घात, म्हणजे दहा कोटी, इतके हवे. प्रमाण लिटरला ५ ग्रॅम. अर्धा तास भिजवून फडक्याने गाळून घ्या.

याला दमट हवा लागते. जुलै ते सप्टेंबर, पावसाची उघडीप, संध्याकाळची वेळ आणि पुढचे काही तास पाऊस नको, असा दिवस मिळाला तर पिठ्या ढेकूण, पांढरी माशी आणि मऊ खवले यांच्यावर पांढरी बुरशी चढलेली आठवडाभरात दिसते. एप्रिलच्या कोरड्या उन्हात हेच औषध पैसे पाण्यात. बुरशीनाशक त्याच टाकीत मिसळले, किंवा दोन-चार दिवसांपूर्वी मारलेले असले, तरी तोच निकाल. काजळीसाठी बुरशीनाशक नको म्हणण्याचे हे आणखी एक कारण. कार्बेन्डाझिम किंवा मॅन्कोझेबने चिकटा थांबत नाही. उलट पांढरी माशी आणि खवल्यांवर निसर्गतः वाढून त्यांना मारणाऱ्या उपयोगी बुरश्या आधी जातात. गंधकाने पुढची तेलाची फवारणी महिनाभर अडते, हे वर आलेच.

पिवळे चिकट सापळे स्वस्त आहेत आणि दिसायला समाधान देतात, कारण दोन दिवसांत त्यावर माश्या दिसू लागतात. त्यांना आमचा मर्यादित होकार. त्यावर पंख असलेली पांढरी माशी, काळी माशी, सिला आणि पंखांचा मावा अडकतो. पण चिकटा टाकण्यात मोठा वाटा न हलणाऱ्या पिल्लांचा असतो आणि ती पानाच्या मागे बसलेली असतात. खवले आणि पिठ्या ढेकूण तर सापळ्यावर येतच नाहीत. एका झाडाला एक सापळा, पालवीच्या उंचीवर, आठवड्याला मोजणी, इतकाच उपयोग करा. आकडा अचानक वाढला की पाने उलटून बघायची. निळा सापळा फुलकिड्यांसाठी असतो, या कामाला तो घेऊ नका. भरलेला सापळा काढून टाका, त्यावर मित्रकीटकही अडकतात.

आता मुंग्या. ज्या झाडावर मुंग्यांची रांग सुरू आहे तिथे वरचे कोणतेही औषध अर्धेच काम करते. मुंग्या चिकटा खातात, म्हणून चिकटा टाकणाऱ्या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या ढालकिड्यांना, क्रायसोपाच्या अळ्यांना हाकलतात. दुकानात मिळणारा कीटक चिकटवणारा गोंद आणि रुंद प्लास्टिक पट्टी एवढीच खरेदी यासाठी लागते. खोडाभोवती जमिनीपासून दीड-दोन फुटांवर आधी कापड किंवा कापूस गुंडाळा म्हणजे सालीच्या खाचांतून मुंग्यांना वाट राहत नाही, त्यावर चार-पाच इंच रुंद पट्टी घट्ट बसवा आणि गोंद पट्टीवर लावा. ग्रीस किंवा गोंद थेट सालीवर कधीच नको, कोवळी साल खराब होते. पावसाळ्यात पट्टीखाली पाणी साचते म्हणून महिन्याने सोडून दुसऱ्या जागी बांधा. धूळ बसून गोंदाची पकड गेली की काडीने उकरून नवा लावा. रस्त्याकडेच्या झाडांना हे आठ-दहा दिवसांनी करावे लागते.

पट्टा बांधून जमिनीला टेकलेल्या फांद्या तशाच ठेवल्या तर मुंग्या फांदीवरून चढतात. झाडाचा घेर खालून दोन-अडीच फूट उचलून घ्या. भिंतीला, तारेला किंवा वेलीला टेकणारी फांदीही कापा. फार मुंग्या असतील तर आमिष चालते. लिटरभर पाण्यात १०० ग्रॅम साखर आणि १० ग्रॅम बोरिक पावडर विरघळवून, झाकणाला बारीक भोके पाडलेल्या डबीत कापसावर ठेवा. बोरिक जास्त घातले तर मुंग्या वारुळापर्यंत पोहोचण्याआधीच मरतात आणि राणी वाचते, म्हणून हे प्रमाण वाढवू नका. डबी मुलांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या हाती लागणार नाही अशी बांधा.

मित्रकीटकांबद्दल एक इशारा. पिठ्या ढेकूण खाणारा क्रिप्टोलिमस भुंगेरा द्राक्षबागांत सोडला जातो आणि तिथून तो शेजारच्या लिंबावरही येतो. त्याची अळी अंगावर पांढऱ्या मेणाचे लांब झुबके घेऊन फिरते आणि पहिल्या नजरेत मोठा पिठ्या ढेकूणच वाटते. ती सेंटिमीटरभर लांब असते आणि चपळ चालते. पिठ्या ढेकूण मात्र जेमतेम सरकतो. अशा अळ्या दिसल्या तर त्या फांदीवर काहीच मारू नका. याच घराण्यातला रोडोलिया नावाचा ढालकिडा ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात १८८८-८९ मध्ये नेला आणि कापशी खवल्यांनी बुडत चाललेल्या तिथल्या लिंबूवर्गीय बागा त्याने वाचवल्या. मुंग्या अडवण्यावर आमचा इतका भर त्यासाठीच आहे, या कीटकांना काम करायला मोकळीक मिळाली पाहिजे.

आंतरप्रवाही रासायनिक कीटकनाशकांविषयी दुकानदार हमखास विचारतात. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम यांनी मावा आणि सिला लवकर मरतो, हे खरे आहे. सिला हरितरोग म्हणजे ग्रीनिंग पसरवतो. मोठ्या बागेत सिला हाताबाहेर गेला असेल तर त्यांचा विचार करावा लागतो. परसातल्या एक-दोन झाडांवर, ज्यांचे लिंबू रोज वरणावर पिळायचे आहे, आमची त्यांना शिफारस नाही. फुलांवर तर कधीच नाही, मधमाश्या मरतात. घेतलेच तर लेबलवर लिंबूवर्गीय पिकाचे आणि त्या किडीचे नाव छापलेले आहे का, काढणीपूर्वी किती दिवस थांबायचे ते लिहिले आहे का, आणि त्रिकोण कोणत्या रंगाचा आहे ते पाहा. लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. द्राक्षासाठी मंजूर आहे म्हणून लिंबाला चालेल, असा अर्थ होत नाही. पक्के बिल मागा, त्यावर बॅच क्रमांक लिहून घ्या.

घरच्या घरी होणारा एक उपाय दुकानातल्या कोणत्याही 'काजळी क्लीनर'पेक्षा सरस आहे. तो म्हणजे मैद्याची खळ. मोठ्या झाडांसाठी एक किलो मैदा पाच लिटर पाण्यात शिजवून वीस लिटर करतात. एका कुंडीसाठी ५० ग्रॅम मैदा पाव लिटर गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवा, गार करून एक लिटर करा आणि मलमलीतून गाळा. गाळले नाही तर नोझल बंद पडलेच म्हणून समजा. कडक कोरड्या उन्हाच्या दिवशी सकाळी काळ्या पानांवर मारा. खळ वाळते, पापडासारखी तडकते आणि काजळी घेऊन गळून पडते. ढगाळ हवेत वाळत नाही, उलट तिच्यावर बुरशी येते. फुलांवर आणि कोवळ्या पालवीवर मारू नका. आणि हे कीड आटोक्यात आल्यावरच करा, नाहीतर पंधरवड्यात पान पुन्हा काळे.

कोणतेही औषध घ्या, ते पानाच्या मागे पोहोचले तरच उपयोग. त्यासाठी नोझल महत्त्वाचे. हाताच्या लहान फवाऱ्यातून जाड थेंब येतात आणि पानावरून ओघळून जातात. वर वळवता येणारी लान्स, म्हणजे फवाऱ्याची लांब नळी, आणि पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारे नोझल घ्या. फवारताना खालून वर, झाडाच्या आतून बाहेर या. तीन-चार फुटी कुंडीतल्या झाडाला अर्धा ते एक लिटर, आठ-दहा फुटी झाडाला आठ-दहा लिटर पाणी लागते. याहून कमी लागले तर मागची पाने कोरडी राहिली आहेत. झाड आतून दाट असेल तर आधी वाळक्या काड्या आणि सरळ वर गेलेले पाणसोट कापा. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट लावा, मोरचूद एक किलो, कळीचा चुना एक किलो, पाणी दहा लिटर या प्रमाणात. युरियाचा हात आवरा. लुसलुशीत पालवी आली की मावा आणि सिला आधी तिथे येतात.

वर्षाचा हिशेब नाशिकच्या हवेप्रमाणे असा बसतो. नवी पालवी फुटण्याच्या वेळी, म्हणजे जून-जुलै, सप्टेंबर-ऑक्टोबर आणि जानेवारी-फेब्रुवारीत, आठवड्याला भिंगाने तपासणी. काळ्या माशीची अंडी निम्मी फुटलेली दिसली की पहिली फवारणी, पंधरा दिवसांनी दुसरी. नुसती अंडी असताना किंवा सगळी पिल्ले कोषात गेल्यावर मारलेले औषध फार काही साधत नाही. एप्रिल-मेमध्ये फक्त संध्याकाळी साबण किंवा नीम आणि सकाळी पाण्याचा जोराचा फवारा. धुळीची झाडे धुऊन काढली की मित्रकीटकही टिकतात.

काळी झालेली फळे फेकू नका. सालीवरची काजळी ओल्या फडक्याने निघते, आतल्या रसाला काही होत नाही. बाजारात न्यायची असतील तर काढणीनंतर धुऊन, पुसून, सावलीत सुकवा.

जुनी काळी पाने महिनोन्महिने काळीच दिसतील, त्यावरून औषधाची परीक्षा करू नका. बघायची ती त्यानंतर फुटलेली पालवी. ती पूर्ण उघडून हाताला चिकट लागत नसेल, मागे पिल्ले नसतील आणि खोडावर मुंग्यांची रांग नसेल, तर फवारणी थांबवा. उरलेली बाटली मूळ लेबलसकट, घट्ट झाकून, सावलीत, स्वयंपाकघरापासून दूर कुलपात ठेवा. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि नीमची असेल तर त्याच हंगामात संपवा.